घड्याळाचं वय त्याच्या पाठीला विचारा

वाड्याच्या वाटण्या होतात आणि जुनं लाकडी घड्याळ एकाच्या वाट्याला येतं. दुसऱ्या दिवसापासून तो पाहुण्यांना सांगू लागतो, "दीडशे वर्षांचं आहे!" नांदेड-लातूरकडे शंभरीच्या आतलं जुनं घड्याळ कुणाकडेच नसतं. खरा जन्मदाखला बहुतेक वेळा घड्याळाजवळच असतो. तो तबकडीवर शोधला की फसगत होते, पाठ उघडली की सापडतो.

मुळात हे बैठं घड्याळ साहेबानं आपल्या शेकोटीवरच्या फळीसाठी घडवलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळिशीला टेकतो, शेकोटी कोण बांधणार? मग ते बसलं कोनाड्यात, फडताळावर, नाहीतर अडत दुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर. अशा नाजूक मालाची वाहतूक सोपी केली रेल्वेनं. नांदेडला मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज १९०० च्या सुमारास आली. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली पोचली, आणि तिथली गंजगोलाई बाजारपेठ उभी राहिली १९१७ मध्ये. "खापरपणजोबांनी १८६० साली लातूरच्या पेठेत घेतलं" असं कुणी म्हणालं, तर चहा पिऊन गप्प बसावं.

तबकडीवरचं नाव दुकानदाराचं

तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे' असं दिसलं की घड्याळ मुंबईत तयार झालं असं समजू नका. विकणारा आपलं नाव पुढे छापून घ्यायचा, बनवणारा मागे राहायचा. हैदराबादला सालारजंग म्युझियममध्ये ज्या घड्याळापुढे तास भरायच्या आधीच बाकं भरतात, त्याचीही हीच कथा. नाव कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्हीचं, माल विलायती.

बनवणारा भेटतो आतल्या पितळी पत्र्यावर. आठ टोकांची चांदणी आणि तिच्या पोटात 'जे' हे इंग्रजी अक्षर असेल, तर ते जर्मनीतलं युंगहान्स. ही चांदणी १८९० ची, म्हणजे घड्याळ त्याआधीचं नाही. नांगर आणि जीबी ही अक्षरं असतील तर गुस्टाव बेकर. त्यांच्या क्रमांकावरून साल काढता येतं, कारण दहा लाखावं घड्याळ १८९२ च्या आसपास निघालं. तुमचा आकडा त्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढं पाहिलं तरी अर्धं काम झालं.

सगळ्यात खोडकर अमेरिकेचे सेथ थॉमस. त्यांनी काही वर्षं साल उलटं छापलं! ८९८१ वाचून डोकं खाजवू नका, ते १८९८ आहे. पुढचं अक्षर महिन्याचं. अमेरिकेच्याच अन्सोनियाचं नाव दिसलं तर घड्याळ १९३० च्या आधीचं. कंपनी बुडाली आणि यंत्रसामग्री रशियानं विकत घेऊन मॉस्कोला नेली.

पेटंटची तारीख मात्र पक्की फसवी. ती कल्पना नोंदवल्याची तारीख, घड्याळ त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेलं असू शकतं. 'मेड इन जर्मनी' हा छापही जपून वाचावा. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानं परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालायला लावलं, हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ ला आला. हेतू होता जर्मन मालाची नाचक्की करण्याचा, झाली फुकटची जाहिरात. आणि 'वेस्ट जर्मनी' लिहिलेलं असेल तर १९४९ च्या आधी जाऊच नका, त्याआधी तो देशच नव्हता.

आकडा १३४०, साल कोणतं?

आता अस्सल मराठवाडी गंमत. घड्याळसाज दुरुस्ती झाली की दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं किंवा टोच्यानं सही-साल टाकून ठेवतात. समजा तिथं १३४० दिसलं. शके धरलं तर १४१८ साल येतं, आणि लंबकाचं घड्याळ तर डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सनं १६५६ मध्ये जन्माला घातलं. शके बाद. हिजरी धरलं तर १९२१-२२. पण निजामाच्या कचेऱ्या चालायच्या फसली सनावर, त्यात ५९० मिळवायचे. म्हणजे १९३०-३१. नऊ वर्षांचा फरक पडला की नाही?

निवाडा करतो महिना. आजूर, दय, बहमन अशी इराणी नावं असतील तर सन फसलीच. 'बहमन १३४०' म्हणजे डिसेंबर १९३० च्या आसपास. मोहरम, सफर असेल तर हिजरी. सोबत पावती जपलेली असेल आणि किंमत 'हाली'त, म्हणजे निजामाच्या रुपयांत, असेल, तर खरेदी निजामी राजवटीतली, किंवा फार तर तिच्या पाठोपाठच्या काही वर्षांतली.

मशीन सासरचं, पेटी माहेरची

वाळवीला जर्मन ओक आणि अमेरिकन अक्रोड दोन्ही सारखेच रुचतात. पेटी पोखरली की गावचा सुतार नवी करून द्यायचा, आणि किनवटच्या जंगलात सागाला तोटा नव्हता. म्हणून यंत्र परदेशी नि पेटी सागवानी अशी बरीच जोडपी आढळतात. ओळखायची खूण सोपी : यंत्र बसवलेल्या फळीवर रिकामी स्क्रूची भोकं बघा. एकाशेजारी एक अशी दोन-तीन भोकं असतील, तर या जोडप्याचं पहिलं लग्न नव्हे. स्क्रूच्या डोक्यावर फुली असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा, जुन्यावर एकच चीर असते.

चार वाजता सात टोले पडले तर भूतबाधा समजू नका. जुन्या पद्धतीत टोले मोजणारं चाक काट्यांपासून स्वतंत्र असतं. घाईनं काटे फिरवले की ते मागे राहतं. आतली बारीक तार बोटानं उचलत टोले जुळेपर्यंत वाजवत राहायचं, बस्स. अर्ध्या तासाला एक धरून असं घड्याळ दिवसाला १८० टोले देतं. दुपारी झोपणाऱ्यांनी हिशेब करावा.

उन्हाळ्यात ते मागे पडतं, ही तक्रारही खरी. पौषातल्या थंडीपासून वैशाखापर्यंत पोलादी दांडा तापून किंचित लांबतो आणि दिवसाला दहा-पंधरा सेकंद जातात. लंबकाखालचा नट जरासा वर फिरवा.

आणि लंबक हलतोय, चावीची दोन भोकंही दिसताहेत, पण चावी आत जात नाही? भोकं छापलेली आहेत. मागे पेन्सिल सेल बघा आणि विकणाऱ्याला विचारा, खापरपणजोबा सेल कुठून आणायचे?