बॅबिलोनच्या रोजनिशीतलं ग्रहण
इसवी सनपूर्व 136, 15 एप्रिल. बॅबिलोनमध्ये सूर्योदयानंतर 96 मिनिटांनी, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर चार घटकांनी, सूर्यग्रहण लागलं आणि पुढे ते खग्रास झालं. तिथल्या ज्योतिषांनी मातीच्या पाटीवर नोंद केली: शुक्र आणि बुध दिसले, तारे दिसले, गुरू आणि मंगळाचा अस्त चालू होता, तरी तेही दिसले.

अशा रोजनिश्या तिथे काही शतकं लिहिल्या गेल्या. चंद्र कुठे होता हे जिथे लिहिलंय, तिथेच जव, खजूर, तीळ आणि लोकरीचा भाव, युफ्रेटिसचं पाणी किती चढलं हेही. एकोणिसाव्या शतकात या पाट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्या. योहान श्ट्रासमायर या जेझुइट पाद्र्याने त्या चिकाटीने उतरवून घेतल्या; आकड्यांचा उलगडा मात्र त्याच्याच पंथातल्या गणिती योसेफ एपिंगने केला. एकट्याच्याने ते झालं नसतं. हे काम रटाळ वाटेल, पण बॅबिलोनच्या खगोलशास्त्राच्या अभ्यासातली खरी प्रगती तिथूनच झाली.

पुढे ब्रिटिश खगोलज्ञ रिचर्ड स्टीफन्सन यांनी 136 च्या ग्रहणाची ही नोंद गणिताला लावली. दिवसाची लांबी कायम आजच्याइतकीच होती असं धरलं, तर या ग्रहणाची सावली बॅबिलोनच्या सुमारे 49 अंश पश्चिमेला पडायला हवी होती. पाटी सांगते, ती बॅबिलोनवर पडली. फरक सव्वातीन तासांचा. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते आहे. दिवस शतकाला जेमतेम 1.8 मिलिसेकंदाने वाढतो. पण लाखो दिवसांची ही चिल्लर साचत जाते आणि तिचे तास होतात.

गंमत पुढे आहे. नुसत्या भरती-ओहोटीचा हिशेब केला तर ही वाढ 2.3 मिलिसेकंद यायला हवी. मधली तूट मुख्यतः हिमयुगाच्या खाती टाकली जाते: ध्रुवांकडचा बर्फ वितळला, त्याखाली दबलेली जमीन अजून वर येते आहे, पृथ्वी किंचित गोल होते आहे आणि त्यामुळे तिला थोडा वेग मिळतो.

या पाट्यांवरची कीलाक्षर लिपी वाचणारे बहुधा गणितात अडतात आणि गणिती लिपीत. दोन्हीची आवड असलेला विद्यार्थी तुमच्या घरात असेल, तर त्याला या वाटेला जरूर लावा.