लाकूड ‘स्विम’ करते का?

सहावीच्या वर्गात मी इंग्रजी वाक्ये लिहायला दिली होती. एका मुलीने लिहिले, ‘द वुड इज स्विमिंग ऑन द वॉटर.’ मी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "लाकडाला हातपाय असतात का गं?" वर्ग हसला, मीही हसले. मुलीने मान खाली घातली. नंतर कितीतरी दिवस इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडले नाही.

तिची चूक मला कळली ती घरी, पुऱ्या तळताना. सासूबाई म्हणाल्या, "पूरी तैरने लगे तो पलटाओ." मी चमकले. उर्दूत पुरी तैरती है, लकडी तैरती है आणि लडका भी तैरता है. सगळ्यांना एकच क्रियापद. ती मुलगी घरी उर्दू बोलणारी. तिने विचार बरोबरच केला होता. उर्दूच्या या एका शब्दाला इंग्रजीत दोन शब्द आहेत, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगणे माझे काम होते.

स्वतः हालचाल करून पाण्यातून पुढे जाणे म्हणजे ‘स्विम’. माणूस, मासा, बदक स्विम करतात. नुसते पाण्यावर राहणे म्हणजे ‘फ्लोट’. लाकूड, पान, रिकामी बाटली फ्लोट होतात. मराठीतही हाच फरक आहे: मुलगा पोहतो, लाकूड तरंगते. जर्मन भाषेत मात्र उर्दूसारखेच दोन्हींना एक क्रियापद चालते. म्हणजे असा फरक न करणारी आपली उर्दू काही एकटी नाही.

आता नेहमीच्या चुका पाहू. ‘स्विम’चा भूतकाळ ‘स्विम्ड’ नव्हे, ‘स्वॅम’. आणि ‘हॅव’ किंवा ‘हॅज’नंतर ‘स्वम’. ‘आय ॲम गोइंग फॉर स्विमिंग’ असे आपण सर्रास म्हणतो. ‘आय ॲम गोइंग स्विमिंग’ किंवा ‘फॉर अ स्विम’ म्हणावे. पाण्याचा मोठा पट्टा पोहून पार केला, तर मध्ये दुसरा शब्द न घालताही चालते. मिहिर सेन 1958 मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्याबद्दल ‘ही स्वॅम द इंग्लिश चॅनल’ असे लिहितात.

पाण्याबाहेरही हा शब्द फिरतो. ‘माय हेड इज स्विमिंग’ म्हणजे डोके गरगरते आहे. डोळे अश्रूंत ‘स्विम’ करतात, तेव्हा आपण म्हणतो, डोळे डबडबले. भाजीत तेल फार झाले की ती तेलात ‘स्विम’ करते. आपणही ‘भाजी तेलात पोहतेय’ म्हणतोच की! अरबीत पोहण्याला ‘सिबाहत’ म्हणतात. सूरह यासीनच्या 40 व्या आयतीत सूर्य-चंद्राच्या आपापल्या कक्षेतील गतीसाठी याच धातूचे क्रियापद आले आहे.

‘सिंक ऑर स्विम’ म्हणजे बुडा नाहीतर पोहा. कोणाचीही मदत न देता एखाद्याला कामात ढकलणे. आपल्याकडेही ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ असे म्हणतात. पण पालकांनो, ही म्हण विहिरीच्या काठावर वापरू नका. चांगला शिकवणारा मुलाला आधी पाठीवर पडून, नाक-तोंड वर ठेवून तरंगायला शिकवतो. दमलेल्या पोहणाऱ्यालाही तेच वाचवते. आधी फ्लोट, मग स्विम. मुलींनाही हे शिकवायला हवे; पाणी मुलगा-मुलगी बघत नाही.

वर्गातही हाच क्रम हवा होता. मी त्या मुलीला आधार न देताच खोल पाण्यात सोडले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितले, "त्या दिवशी मी हसले, ते चुकले." मग फळ्यावर ‘तैरना’ लिहिले आणि त्याच मुलीला विचारले, "याला मराठीत काय म्हणशील?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, कोण तैरतंय ते आधी सांगा."

याहून चांगले उत्तर मला आजवर मिळालेले नाही.