उभी राहिलेली गाडी, झिजलेली बॅटरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

“दोन सालं झाले, गाडी घरीच उभी हाये; चाललीच कोठी? बॅटरी नवीच समजा.” विजेवर चालणारी जुनी स्कूटर विकावयास काढणारा मालक हे वाक्य ज्या निःशंक मनाने उच्चारतो आणि घेणारा ते ज्या श्रद्धेने ऐकून घेतो, त्या दोहोंचा आता कंटाळा यावा इतक्या वेळा ते वऱ्हाडात कानी पडते. मालक खोटे बोलत असतो असे नाही. त्याच्या किलोमीटर-मीटरवरील आकडा बहुधा खराच असतो. परंतु त्या खऱ्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सर्वस्वी चुकीचा असतो, आणि त्या चुकीची किंमत कष्टाच्या पैशातून गाडी घेणाऱ्याला मोजावी लागते.

वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात वसलेले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून महाराष्ट्रभर सुपरिचित असले, तरी तेथील रहिवाशाला महाविद्यालय, मोठा दवाखाना किंवा जिल्हा कचेरीतील काम यांसाठी सुमारे चाळीस किलोमीटरवरील अमरावतीच गाठावी लागते. म्हणजे जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर. शहरात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्याच्या गाडीची बॅटरी पाव हिश्शाने खालावली तरी त्याला त्याची वार्ताही लागत नाही. ऐंशी किलोमीटर जाणाऱ्याला मात्र परतीच्या वाटेवर, भर उन्हात, गाडी ढकलण्याचा प्रसंग येतो. म्हणूनच या गैरसमजाची सविस्तर शहानिशा करणे अगत्याचे आहे.

पेट्रोलच्या गाडीच्या बाबतीत कमी किलोमीटर म्हणजे कमी झीज हा आडाखा बहुतांशी बरोबर ठरतो, कारण तेथे झीज प्रामुख्याने घर्षणाने होते. लिथियम-आयन बॅटरीची झीज रासायनिक असते आणि तिच्या वाटा दोन आहेत. पहिली वापराची : प्रत्येक भरण्या-उतरण्यासरशी क्षमता किंचित घटते. दुसरी काळाची : गाडी जागची हलली नाही तरी क्षमता घटतच राहते. बॅटरीतील ऋणाग्र सामान्यतः ग्रॅफाइटचे असते. पहिल्याच चार्जिंगच्या वेळी त्याच्या पृष्ठभागावर आतील द्रावणाचे विघटन होऊन एक अतिशय पातळ थर जमतो. हा थर आवश्यक असतो, कारण तोच पुढील विघटनाला आवर घालतो. परंतु त्याची वाढ कधीच पूर्णपणे थांबत नाही, आणि तो जसजसा जाड होतो तसतसे वीज वाहून नेणारे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. या वाढीला किलोमीटर लागत नाहीत. तिला तीनच गोष्टी लागतात : उष्णता, भरलेली बॅटरी आणि काळ. न उघडलेल्या औषधाच्या बाटलीचीही मुदत संपते, हे ज्याला समजते त्याला हे समजण्यास काहीच अडचण पडू नये.

यावर शंका घेणाऱ्यांसाठी पुरावा उपलब्ध आहे. म्युनिक येथील तंत्रविद्यापीठातील पीटर काइल, आंद्रेआस योसेन प्रभृती संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन निरनिराळ्या प्रकारचे सेल २५, ४० आणि ५० अंश सेल्सिअस तापमानांत, कमीअधिक भरलेल्या अवस्थांत कित्येक महिने नुसते ठेवून दिले होते. त्यांवर भार नव्हता, त्यांना रस्ता नव्हता. तरीही त्यांची क्षमता घटली; उष्णतेत अधिक घटली, आणि अधिक भरलेल्या सेलांत सामान्यतः अधिक घटली. आता ही तीन तापमाने आपल्या मुलखाशी ताडून पाहावीत. वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा सावलीत ४५ अंशांपलीकडे जातो. दुपारभर तापलेल्या टिनाच्या छपराखाली तर तो त्याहूनही वर चढतो. दर दहा अंशांमागे रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ठोकताळा स्थूलमानाने जरी लावला, तरी २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांत हे काम चौपट वेगाने चालते असे दिसेल. “गाडी जपून ठेवली” असे जो मालक सांगतो, त्याने ती पूर्ण चार्ज करून टिनाखाली दोन उन्हाळे उभी केली असेल, तर त्याने ती जपली नाही. अगदी प्रतिकूल परिस्थितीत ठेवली.

याच्या उलट प्रकारही तितकाच घातक आहे. बॅटरी जवळजवळ रिकामी करून गाडी महिनोन्‌महिने सोडून दिली, तर बॅटरीवर देखरेख करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट उरलीसुरली वीज हळूहळू ओढत राहते. सेलचा विद्युतदाब मर्यादेच्या फार खाली गेला की आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि असा सेल पुन्हा जबरदस्तीने चार्ज केल्यास अंतर्गत शॉर्टसर्किटचा व आगीचा धोका उद्भवतो. पुष्कळ दिवस मृतवत पडलेली बॅटरी “बाहेरून करंट देऊन उठवून देतो” म्हणणाऱ्याला म्हणूनच स्पष्ट नकार द्यावा.

आता भरपूर चाललेल्या गाडीकडे वळू. एका चार्जमध्ये १०० किलोमीटर जाणारी गाडी २०,००० किलोमीटर चालली, तर तिच्या बॅटरीची भरण्या-उतरण्याची पूर्ण आवर्तने झाली अवघी दोनशे. चांगल्या प्रतीचे सेल अशी शेकडो आवर्तने सोसण्यासाठीच घडवलेले असतात. तेव्हा रोज नेमाने चाललेली, रात्री गार जागेत उभी राहिलेली आणि निम्म्या-पाऊण चार्जवर वापरलेली गाडी ही दोन वर्षे उभ्या असलेल्या गाडीपेक्षा सरस निघणे अगदी संभवनीय आहे. किलोमीटरचा मोठा आकडा पाहूनच जे पाठ फिरवतात, ते पुष्कळदा चांगला माल सोडून देतात.

मग पारख करावी तरी कशी? साध्या घरगुती उपायाने. बॅटरी दहा टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी आणि चार्जर व भिंतीतील सॉकेट यांच्यामध्ये युनिटे मोजणारे छोटे मीटर लावून ती शंभर टक्क्यांपर्यंत भरावी. समजा, मीटरने २.४ युनिटे दाखवली. चार्जरमध्ये काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते; ती १२ टक्के धरल्यास बॅटरीत सुमारे २.११ युनिटे पोचली. हा नव्वद टक्क्यांचा भरणा असल्याने पूर्ण क्षमता झाली सुमारे २.३५ युनिटे. कंपनीच्या पुस्तिकेत वापरण्याजोगी क्षमता ३ युनिटे दिलेली असेल, तर बॅटरीचे सुमारे ७८ टक्के बळ शिल्लक आहे. प्रति किलोमीटर ३० वॅट-तास, म्हणजे ०.०३ युनिट, खर्च धरला, तर तिजवर सुमारे ७८ किलोमीटर जाता येईल. दहा टक्के राखीव ठेवल्यास सत्तर. कौंडण्यपूर ते अमरावती आणि परत, मध्ये चार्ज न करता, ही गाडी पोचवणार नाही. किलोमीटर-मीटर कितीही कमी आकडा दाखवो, हा हिशेब बदलत नाही.

उरलेल्या समजुतींना एकेका वाक्यात उत्तर देता येईल.

“बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये” : हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा, लिथियम बॅटरीला तो लागू नाही, अर्ध्यावरून चार्ज करणेच तिला मानवते.

“रात्रभर चार्जर लावला की बॅटरी फुटते” : सुस्थितीतील मूळ चार्जर पूर्ण भरताच प्रवाह तोडतो, मात्र रोजच्या वापराला ८० ते ९० टक्के पुरेसे असतात, आणि लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारात अधूनमधून पूर्ण चार्ज करण्याची सूचना पुस्तिकेत असल्यास ती पाळावी.

“उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावावी” : नाही, बॅटरी निवू द्यावी, आणि तिच्यावर थंड पाणी तर कदापि ओतू नये.

“कागदावर लिहिलेली रेंज मिळायलाच हवी” : तो आकडा ठरावीक चाचणी-चक्रावर, नव्या गाडीवर काढलेला असतो, दोन माणसे, समोरचा वारा आणि वाढलेला वेग त्याला खाली आणतात.

“या गाडीला देखभालच नाही” : ऑइल बदलणे नाही हे खरे, पण ब्रेक, बेअरिंग, टायरमधील हवा आणि विजेच्या जोडण्या यांची तपासणी आहेच, आणि कमी हवेचा टायर रेंजही खातो.

“लायसन्स, नोंदणी काही लागत नाही” : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ती सूट फक्त ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या हलक्या गाड्यांपुरती आहे.

“खराब सेल तेवढे बदलून घेऊ” : नवे-जुने सेल एकत्र बांधल्यास त्यांचा समतोल राहत नाही, हे काम कंपनीच्या केंद्राखेरीज कोणाकडूनही करवून घेऊ नये.

“मेलेली बॅटरी भंगारात द्यावी” : २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून बॅटरी त्याच्याच केंद्रात जमा करावी.

घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. बयाणा देण्यापूर्वी नोंदणीच्या दस्तऐवजावरील निर्मितीचा महिना व वर्ष वाचा, गाडी उन्हाळ्यात कोठे आणि किती चार्जवर उभी होती हे विचारा, बॅटरीची हमी नव्या मालकाच्या नावे होते की नाही याचा लेखी दाखला मागा, आणि वर सांगितलेली मोजणी आपल्या डोळ्यांसमोर करवून घ्या. मोजणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याची गाडी घेऊ नका. आणि ज्यांची गाडी काही महिने घरी उभी राहणार आहे त्यांनी ती चाळीस ते साठ टक्के चार्जवर, टिनाऐवजी कवेलूंच्या किंवा स्लॅबच्या सावलीत ठेवावी, दर महिन्याला चार्ज पाहावा; या उपायाला पैसा लागत नाही आणि बॅटरीचे आयुष्य मात्र निश्चित वाढते.