एक गिअर, सपाट रस्ता

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की वाटेत ओरत्तनाडु लागतं. मराठी माणूस इथे थांबतो तो मुक्तांबाळ छत्रासाठी. दुसऱ्या सरफोजीराजांनी रामेश्वरच्या यात्रेकरूंची सोय म्हणून ते बांधलं. संपादकांनी मलाही छत्रावरच लिहायला पाठवलं होतं. छत्र पाहिलं, पण वही भरली ती बाहेरच्या मोपेडींनी.

नारळाची पोती, दुधाचे कॅन, गवताचे भारे, वर मागे बसलेली कारभारीण, असा सगळा संसार टीव्हीएस एक्सएलवरून चाललेला असतो. टीव्हीएस घराण्याने 1911 साली मदुराईत बससेवेने सुरुवात केली. 1980 मध्ये त्यांच्या होसूरच्या कारखान्यातून 50 सीसीची टीव्हीएस 50 बाहेर पडली. दोघांनी बसायची ही भारतातली पहिली मोपेड. पुण्याच्या फिरोदियांची लुना आपल्याकडे 1972 पासूनच धावत होती, पण लुना नंतर मागे पडली आणि ही एक्सएलच्या रूपात टिकली.

ती का टिकली, ते एका गॅरेजात उघडलेलं इंजिन पाहताना कळलं. आत गिअरबॉक्स नाही, एकच गिअर. डाव्या हाताला क्लच नाही. मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढतो, क्लचचे शू त्या वेगाने बाहेर फेकले जातात आणि ड्रमला घट्ट धरतात, गाडी निघते. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना परत आत ओढते. बस्स. बिघडायला आत फारसं काही नाहीच! पुढे पाय ठेवायची जागा सपाट आणि मोकळी, म्हणून पोतं तिथे उभं राहतं. आताची एक्सएल 100 म्हणजे 99.7 सीसी, साडेचार अश्वशक्तीच्याही आतली. स्वतःचं वजन नव्वद किलोच्या आत, आणि कंपनीच्या हिशेबाने 130 किलो भार वाहणारी. लोक कंपनीचा हिशेब मानत नाहीत, हे वेगळं.

एक गिअर इथे पुरतो, कारण कावेरीचं खोरं सपाट आहे. आपल्या वरंधा घाटात हीच गाडी धापा टाकेल. इथेही कालव्याच्या बांधावर चढताना भरलेल्या गाडीचे शू ड्रमवर घसरतात, तापतात आणि झिजतात. गॅरेजवाल्या अण्णांचं बरंचसं पोट या झिजेवरच चालतं.

आता त्यांची पंचाईत वेगळी आहे. टू-स्ट्रोक इंजिन धुरासकट गेलं, ते बरंच झालं. पण एप्रिल 2020 च्या बीएस-6 प्रदूषण नियमांबरोबर एक्सएलमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा तारेने काढला की गाडी सुरू व्हायची. आता सेन्सर रुसला तर तार काय कामाची? अण्णा क्लच, ब्रेक, चेन करतात. इंजेक्शनचं काम निघालं की गाडी तंजावरच्या सर्व्हिस सेंटरकडे. दूधवाल्याचा तेवढा दिवस बुडतो. शिवाय गाडी महाग झाली, आणि हप्ता फेडणारा माणूस बहुधा रोजंदारीचाच.

विजेवरची लुना फेब्रुवारी 2024 मध्ये आली आहे. तिच्यात कार्बोरेटरही नाही नि इंजेक्शनही नाही, पण वाटेत बॅटरी संपली तर बाटलीतून लिटरभर पेट्रोल ओतून घरी येता येत नाही. भाताच्या दिवसांत दिवसभर फेऱ्या मारणाऱ्याने ती चार्ज करायची कधी, हे अण्णांनी मला विचारलं. मी पुण्याचा, म्हणून मला ठाऊक असेल असं त्यांना वाटलं.