तरंगंबाडीचं चर्च आणि तंजावरचा एक शिपाई

मागच्या काही भागांत आपण किल्ले पाहिले, आज एक चर्च बघू. काही जण म्हणतील, कर्नलसाहेब आता चर्चकडे कुठे वळले? थोडं थांबा, यातही मराठ्यांचं राज्य आहे आणि एक फौजी माणूसही.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैकलच्या थोडं उत्तरेला तरंगंबाडी आहे. युरोपीय लोक तिला ट्रँकेबार म्हणत. 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकांनी ही जागा डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिली. त्यांनी समुद्राला लागून डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि मागे तटबंदीच्या आत आखीव गाव वसवलं. पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरला आले. म्हणजे डॅनिश लोकांच्या या चिमुकल्या गावाला तिन्ही बाजूंनी मराठ्यांचं राज्य आणि चौथ्या बाजूला समुद्र! फौजी नजरेनं बघितलं तर जागा फारच अवघड. त्यामुळे तंजावरच्या राजाशी जमवून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

गावाच्या वेशीतून आत गेलात की सरळ किंग स्ट्रीट लागतो. याच रस्त्यावर थोड्याशा अंतरानं दोन जुनी चर्चेस आहेत आणि दोन्हींचा उगम लूथरन. मार्टिन लूथरनं 1517 मध्ये जर्मनीत जो वाद सुरू केला, त्यातून निघालेला हा पंथ. डेन्मार्कचा तो राजधर्मच होता. पहिलं झायन चर्च 1701 चं, डॅनिश लोकांसाठी बांधलेलं. दुसरं न्यू जेरुसलेम, 1718 चं. एवढ्याशा गावात एकाच पंथाची दोन चर्चेस कशाला, हा प्रश्न पडायलाच हवा.

उत्तर बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग या जर्मन तरुणाकडे आहे. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानं त्याला आणि प्ल्यूत्शाव नावाच्या सोबत्याला पाठवलं. 1706 च्या जुलैत ते इथं उतरले. पठ्ठ्या तमिळ शिकला, पुढे छापखाना आणवून तमिळ नवा करार छापला. स्थानिक डॅनिश अधिकाऱ्याशी मात्र त्याचं बिलकुल पटेना. त्या अधिकाऱ्यानं त्याला चार महिने डान्सबोर्गमध्ये कोंडूनही ठेवलं. त्सीगेनबाल्गची मंडळी होती तमिळ आणि पोर्तुगीज बोलणारी, म्हणून त्यांच्यासाठी 1707 मध्ये वेगळं छोटं चर्च उभं राहिलं. ते अपुरं पडू लागल्यावर 1717 मध्ये आजच्या इमारतीचा पाया घातला.

आता इमारत बघा. गावातल्या लूथरन चर्चमध्ये प्रवचन महत्त्वाचं असतं, त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. लांबलचक दालनात मागे बसलेल्याला ऐकू येत नाही. परेड ग्राउंडवर माइकशिवाय बोललेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. न्यू जेरुसलेमचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा आहे आणि त्याच्या चारही भुजा जवळपास सारख्या लांबीच्या. त्यामुळे कोणीच फार दूर बसत नाही. दर्शनी भिंतीवर मुकुट आणि फ्रेडरिक राजाची आद्याक्षरं आहेत. भिंती जाड, चुन्याचा गिलावा. खाऱ्या हवेत चुन्याच्या भिंतीतला ओलावा बाहेर पडतो. अशा भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि भिंत आतून खराब होते. जुनी देवळं असोत की किल्ले, दुरुस्तीवाले हे विसरतात, म्हणून मी जाईन तिथं सांगत असतो.

1718 च्या ऑक्टोबरात चर्च सुरू झालं. पुढच्याच फेब्रुवारीत त्सीगेनबाल्ग वारला, वय अवघं 36. त्याला याच चर्चमध्ये वेदीजवळ पुरलं आहे.

पण मला या वास्तूत सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो राजनायकन. तो तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेतला शिपाई. परैयर जातीचा, जन्मानं कॅथलिक. बायबल वाचून 1727 च्या सुमारास तो लूथरन झाला आणि पुढे तंजावरच्या मुलखात उपदेशक म्हणून हिंडला. हुशार आणि धाडसी माणूस. 1741 मध्ये दुसरा तमिळ पाद्री नेमायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव पुढं होतं. परंतु परैयराच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वरच्या जातींचे ख्रिस्ती तयार होणार नाहीत, असा विचार मिशनऱ्यांनी केला. दीक्षा मिळाली दियोगो नावाच्या वेल्लाळाला. उपासनेतही वरच्या जातींचे लोक आणि परैयर वेगवेगळे बसत. सर्वांना सारखं ऐकू यावं असं ते दालन, आणि त्यातच ही फाटाफूट! मिशनऱ्यांची अडचण मला कळते, मंडळी फुटण्याची भीती होती. तरी निर्णय मला पटत नाही. फौजेत सर्वधर्मस्थळावर जवान खांद्याला खांदा लावून बसतो, तिथं शेजारच्याची जात कोणी विचारत नाही. राजनायकन मात्र नाव मागं पडल्यावरही अखेरपर्यंत उपदेशकाचं काम करत राहिला.

1845 मध्ये डॅनिश लोकांनी गाव इंग्रजांना विकलं. न्यू जेरुसलेम आज तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्चकडे आहे आणि उपासना तमिळमध्ये होते. जाणार असाल तर रविवारी सकाळी जा, म्हणजे दार उघडं मिळेल. पुढे तंजावरलाही थांबा. तरंगंबाडीत आलेला श्वार्ट्झ हा पाद्री पुढे दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक झाला. शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये सरफोजींनी त्याचं संगमरवरी स्मारक बसवलं आहे. मरणाऱ्या पाद्र्याचा हात हातात धरून उभे असलेले आपले भोसले राजे त्यात दिसतील.