पदरावरच्या वारलीची गोष्ट

चिकपेटमध्ये साड्या बघताना पदरावर त्रिकोणी माणसांचा तारपा नाच दिसला, तर जरा थांबा. ही नुसती नक्षी नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत लग्नाला सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखतात. त्यात पालघट देवी असते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रं कागद-कापडावर आणली. रोजचं जगणं, लोककथा रंगवल्या. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ त्याच रेषांतून जुन्या कथा नव्याने सांगतात. छापील पदरावर मात्र ना गोष्ट उरते, ना चित्रकाराचं नाव. म्हणून पुढच्या वेळी किमतीबरोबर एवढंही विचारा: हे चित्र काढलं कोणी?