मैदान, करारनामा आणि अफवा: फुटबॉलप्रेमींचे काही गैरसमज

चिकोडी, निपाणी आणि संकेश्वर या टापूतील फुटबॉलप्रेमी मनुष्याचे लक्ष नेहमीच दोन दिशांना विभागलेले असते. निपाणीवरून जाणाऱ्या महामार्गाने उत्तरेस निघाले की कोल्हापूर लागते, जेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींची नावे धारण केलेले संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि ज्यांच्या जयपराजयाचा परिणाम पेठांतील घराघरांच्या चित्तवृत्तीवर होतो. दक्षिणेस गेले की बेळगावची छावणी व तेथील मैदाने लागतात, आणि घाट उतरल्यावर गोवा, जेथे हा खेळ पोर्तुगीज अमदानीपासून लोकजीवनाचा अविभाज्य भाग झालेला आहे. यांत आता इंग्लंड व स्पेन येथील सामन्यांच्या दूरदर्शनावरील प्रक्षेपणाची भर पडली असून, ज्याने मँचेस्टर वा माद्रिद ही शहरे नकाशावरही नीट पाहिलेली नाहीत असा तरुणदेखील तेथील खेळाडूंच्या गुणावगुणांविषयी ठाम मते बाळगतो आणि कोण कोणत्या क्लबात जाणार याची वार्ता सकाळच्या चहाबरोबर ऐकवितो. ही आस्था मला मोलाची वाटते. म्हणूनच तिच्यात मिसळलेले काही गैरसमज दूर व्हावेत अशी तीव्र इच्छा होते, कारण त्यांचा उपसर्ग अखेरीस आपल्याच मुलांना पोहोचतो.

पहिला समज असा की, जो गोल करतो अथवा चेंडू पायात घेऊन दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांना चकवितो तोच श्रेष्ठ खेळाडू. नव्वद मिनिटांच्या सामन्यात कोणत्याही एका खेळाडूच्या पायाशी चेंडू फार तर दोन-तीन मिनिटे असतो; उरलेला सर्व काळ तो चेंडूवाचून धावत असतो, जागा अडवीत असतो, सहकाऱ्याला मोकळीक करून देत असतो किंवा प्रतिस्पर्ध्याचा मार्ग बंद करीत असतो, आणि या अदृश्य श्रमाचे मूल्य ज्याला कळले नाही त्याला खेळाडूची पारख झाली असे म्हणता येणार नाही. क्लोद माकेलेले या फ्रेंच खेळाडूचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. तो रेआल माद्रिदच्या मधल्या फळीत बचावाच्या अगदी पुढे उभा राहून प्रतिपक्षाची आक्रमणे उगमापाशीच मोडून काढीत असे. गोल जवळजवळ नाहीत, लांब पल्ल्याचे डोळे दिपविणारे पासही नाहीत. 2003 साली माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला मोठ्या समारंभाने आणले आणि त्याच उन्हाळ्यात, पगारवाढीची मागणी अमान्य झालेल्या माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिले. 2002-03 चे स्पॅनिश लीगचे अजिंक्यपद ज्या संघाकडे होते त्याला ते पुन्हा 2006-07 पर्यंत लाभले नाही. अपयशास अन्य कारणेही होती हे खरे. तथापि मधला खांब काढून कळसावर सोने चढविण्याचा तो व्यवहार होता, हे मत आज बहुतेक जाणकारांना मान्य आहे. एन्गोलो कान्ते या त्याच जातकुळीच्या खेळाडूने 2015-16 मध्ये लेस्टरबरोबर, 2016-17 मध्ये चेल्सीबरोबर इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले आणि 2018 मध्ये फ्रान्सबरोबर विश्वचषक जिंकला. तीन निरनिराळ्या संघांच्या यशात जो एक मनुष्य समान आढळतो, त्याच्या नावावरील गोल मात्र बोटांवर मोजण्याइतके आहेत. शाहू स्टेडियमच्या कठड्यावर बसलेल्या प्रेक्षकाने एकदा केवळ दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता एखाद्या मधल्या फळीतील मुलाकडेच पाहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते त्याच्या ध्यानी येईल.

उंची आणि देहयष्टी यांविषयीचा समज याहून किरकोळ असल्यामुळे त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही. लुका मोद्रिच याला बालपणी अशक्त म्हणून स्वदेशातील एका मोठ्या क्लबाने नाकारले आणि 2018 साली त्यालाच जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बालोन द'ओर हा सन्मान मिळाला. आपल्या सुनील छेत्रीची उंची बेताचीच, परंतु देशाकरिता त्याने नव्वदाहून अधिक गोल केले.

दुसरा मोठा भ्रम किमतीसंबंधी आहे. अमुक खेळाडूस इतके कोटी मोजले, अर्थात तो इतका थोर, असा हिशेब सर्वत्र मांडला जातो. वास्तविक, हस्तांतरणाची रक्कम ही खेळाडूच्या गुणवत्तेची किंमत नसून त्याच्या चालू करारनाम्यातील उरलेल्या मुदतीची भरपाई असते, जी जुन्या क्लबाला द्यावयाची असते. ती ठरविताना गुणवत्तेबरोबरच वय, मुदतीची शिल्लक वर्षे, विकणाऱ्याची आर्थिक निकड आणि घेणाऱ्याची उतावीळ या सर्वांचा विचार होतो. नेमारसाठी पॅरिस सेंट-जर्मेनने 2017 मध्ये 22 कोटी 20 लक्ष युरो भरले ते बार्सिलोनाबरोबरच्या त्याच्या करारात मुक्ततेची तेवढी रक्कम लिहिलेली होती म्हणून. त्याच पॅरिसहून किलियन एम्बापे 2024 मध्ये रेआल माद्रिदकडे गेला तेव्हा हस्तांतरणापोटी पॅरिसला कपर्दिकाही मिळाली नाही, कारण त्याच्या कराराची मुदत संपलेली होती. म्हणून तो निर्मूल्य ठरला काय? मुदत संपलेला खेळाडू विनामूल्य जाऊ शकतो, हा हक्क झाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूने न्यायालयात झगडून मिळविला. युरोपीय न्यायालयाने 15 डिसेंबर 1995 रोजी त्याच्या बाजूने निकाल देईपर्यंत, करार संपल्यावरही जुना क्लब रक्कम मागून खेळाडूस अडवून ठेवू शकत असे. आजच्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढील करार उघडपणे करू शकतो. सबब जानेवारी महिन्यात ऐकू येणाऱ्या अफवांपैकी ज्यांत करार जूनअखेर संपणाऱ्या खेळाडूचे नाव असते, त्यांस काही आधार संभवतो. ज्याची अद्याप चार वर्षे शिल्लक आहेत आणि ज्याच्या क्लबाला पैशाची विवंचना नाही, त्याच्याविषयीची वार्ता सहसा हवेतलीच असते.

परंतु सर्वांत दृढमूल समज हा की, बोलणी झाली म्हणजे बदली झाली. तसे नाही, हे आपल्या भागातील शेतकऱ्यास समजावून सांगणे मुळीच अवघड नाही, कारण जमिनीच्या व्यवहारात बोलणी, इसार, खरेदीखत आणि शेवटी सरकारी दप्तरातील नोंद या पायऱ्या त्याला तोंडपाठ असतात, आणि उताऱ्यावर नाव चढेपर्यंत जमीन आपली झाली असे तो मानीत नाही. फुटबॉलमध्येही दोन क्लबांची परस्परसंमती, खेळाडूशी वेतनाचा करार, वैद्यकीय तपासणी आणि ठराविक मुदतीच्या आत दोन्ही देशांच्या संघटनांच्या दप्तरी नोंद, एवढे सर्व पार पडावे लागते. वर्षातून दोनदाच ही नोंदणी खुली असते. 2014 च्या उन्हाळ्यात लोइक रेमी याची लिव्हरपूलशी सर्व बोलणी पुरी झाली होती, पण वैद्यकीय तपासणीनंतर व्यवहार मोडला आणि तो चेल्सीकडे गेला. याहून विलक्षण हकीकत दाविद दे हेआ या गोलरक्षकाची. 31 ऑगस्ट 2015 च्या रात्री मँचेस्टर युनायटेड व रेआल माद्रिद यांचे त्याच्याविषयी एकमत झालेले होते, बदल्यात माद्रिदचा केयलोर नवास मँचेस्टरला जावयाचा होता, रक्कम ठरली होती, वार्ताहरांनी व्यवहार पूर्ण झाल्याचे कळविलेही होते. परंतु आवश्यक दस्तऐवज मुदतीत दाखल झाले नाहीत आणि मध्यरात्रीनंतर दोघेही आपापल्या ठिकाणीच राहिले. ज्या नवासला माद्रिद सोडून द्यावयास निघाले होते, तोच पुढे 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या माद्रिद संघाचा प्रमुख गोलरक्षक होता. खेळाडूच्या गुणवत्तेची पारख आणि बदलीची वार्ता या दोहोंत मातब्बरांचीही कशी फसगत होते, हे या एकाच रात्रीने दाखवून दिले.

आपला खेळाडू परदेशी क्लबाने घेतला, ही बातमी आपल्याकडे फार लवकर पसरते. त्यात अभिमान असतो आणि तो अगदी स्वाभाविक आहे, कारण कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम 1936 साली अनवाणी पायांनी स्कॉटलंडच्या सेल्टिककडून खेळला आणि बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी या क्लबाशी करारबद्ध झाला, या घटना खरोखरच घडलेल्या आहेत. तथापि चाचणी, प्रशिक्षण आणि करार या तीन स्वतंत्र गोष्टी होत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे ब्लॅकबर्न रोव्हर्स येथे प्रशिक्षणाकरिता गेला. ते प्रशिक्षण होते, नेमणूक नव्हे, आणि त्याची खरी कारकीर्द जमशेदपूर, हैदराबाद यांसारख्या भारतीय क्लबांत घडली. यात त्याचे उणेपण काहीच नाही. पेठेतील मैदानावरून विश्वचषकापर्यंत पोहोचलेल्या मुलाला आणखी कोणत्या खोट्या अलंकाराची गरज असावी? प्रत्यक्ष करार होऊनही गाडी अडू शकते, याचा दाखला छेत्रीचा आहे: 2009 मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सबरोबर त्याचा करार झाला, परंतु जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तर देशांत नाही या कारणास्तव ब्रिटिश सरकारने कामाचा परवाना नाकारला.

आता आपल्या दाराशी येऊ. चिकोडी कर्नाटकात असल्यामुळे येथील क्लब कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेच्या कक्षेत येतात, तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा संबंध वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी आहे. यावरून, सीमेपलीकडच्या संघातून आपल्या मुलास खेळताच येत नाही, असा समज काही पालकांचा असतो. उलट काहींना वाटते की इकडेही आणि तिकडेही एकाच वेळी खेळले तरी चालते. दोन्ही चूक. राज्याची सीमा कोणास अडवीत नाही, मात्र खेळाडूची नोंद एका वेळी एकाच क्लबाकडे असू शकते आणि बदली रीतसर दप्तरी चढवावी लागते. मराठी बोलणाऱ्या चिकोडीच्या मुलाने पाटाकडीलचे स्वप्न पाहावे की बेंगळुरूचे, हे त्याने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवावे. कागद मात्र एकच असावा.

ज्या गैरसमजाची मला सर्वाधिक काळजी वाटते तो अल्पवयीन मुलांसंबंधीचा आहे. अमक्या गावच्या चौदा वर्षांच्या मुलाला युरोपातील क्लबाने निवडले, आता केवळ विमानभाड्याचे व चाचणीचे पैसे भरावयाचे आहेत, अशी वार्ता घेऊन येणारा मध्यस्थ दिसला की पालकांनी सावध व्हावे. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली मुळात निषिद्ध आहे. पालक अन्य कारणास्तव तेथे स्थलांतरित होणे यांसारखे थोडेच अपवाद आहेत आणि तेही चौकशीनंतर मंजूर व्हावे लागतात. खेळाडूचा प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्यास 2023 च्या ऑक्टोबरपासून फिफाची परीक्षा देऊन परवाना घेणे बंधनकारक झाले असून, अल्पवयीन मुलाशी करार करण्यापूर्वी पालकाची लेखी संमती लागते. परवाना दाखवा, असे म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही. दागिना गहाण ठेवून उभी केलेली रक्कम अशा माणसाच्या हाती पडण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आणि ज्या तालमीने वा शाळेच्या संघाने तो मुलगा घडविला, तिचा वाटा या व्यवहारात नसतो असे समजणेही बरोबर नाही. मोबदला देऊन आंतरराष्ट्रीय हस्तांतरण झाले, तर त्या रकमेच्या पाच टक्के, खेळाडू बारा ते तेवीस वर्षे वयात ज्या क्लबांत वाढला त्यांच्यात विभागले जातात: बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षास पाव टक्का, सोळापासून पुढे प्रत्येक वर्षास अर्धा. एक कोटी रुपयांच्या व्यवहारात तेराव्या वर्षी त्या मुलाला सराव देणाऱ्या संस्थेचा हिस्सा पंचवीस हजारांचा होतो, जो एखाद्या ग्रामीण संघाच्या हंगामभराच्या चेंडूंना व जाळ्यांना पुरावा. मात्र हा वाटा मागण्यास त्या वर्षी तो मुलगा त्या संस्थेकडे संघटनेच्या दप्तरी रीतसर नोंदविलेला असावा लागतो, आणि आपल्याकडील लहान संघांपैकी कित्येकांनी ही नोंद केलेलीच नसते.